चुलीत ओतलेली जवाची दारू

आमच्या गावात दारू पिणारे पुष्कळ होते. चाखणारा एकच होता, माझा बाप.

गाव शेणव्याच्या वर, डोंगराच्या अंगाला. खाली भाताची खाचरं, वरच्या उतारावर नाचणी आणि वरई. चैत्रात मोहाची फुलं पडत, ती वेचून अंगणात वाळवायची, आणि लग्नासोयरिकीला नाहीतर देवाच्या कामाला त्यांची दारू काढायची, ही रीत आमच्या आधीपासूनची. काढणारे घरोघर होते. पण मंडळी बसली की पहिला पेला बाबांच्या हातात जायचा, आणि ते बोलल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या ओठाला थेंब लागत नसे.

बाबा आधी थोडी धरणीला द्यायचे. मग चुळकाभर चुलीत फेकायचे. निळा जाळ भपकन वर आला तर ठीक. नुसतं चुर्र झालं तर पेला खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "पाणी." विषय संपला. जाळ आला तर मात्र एक घोट तोंडात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि एखादा शब्द टाकायचे. "चालंल", "करपली", "आंबली". फार वर्षांत एकदा, अगदीच मनासारखी असली तर, "पयल्या धारेची." यापुढे कुणी वाद घालत नसे. हे काम त्यांना त्यांच्या चुलत्याकडून आलं होतं. चाखणारा म्हातारा झाला की आपल्या पेल्यातली अर्धी ज्याला देईल, तो पुढचा चाखणारा. कागद नाही, पंच नाहीत. चुलत्याने बाबांना तशी अर्धी दिली होती.

आता एक सांगते, फुशारकी म्हणा हवं तर. घरात बाबांचं नाक कुणी घेतलं असेल तर ते मी. मी कधी थेंब घेतला नाही, आमच्याकडे माझ्या वयाच्या पोरी घेत नसत. पण दुरून वास आला की मला कळे, फुलं ओली राहिली होती की मडकं तळाला लागलं होतं. बाबांनाही ते माहीत होतं. एकदा हसत म्हणाले, "देवानं नाक चुकून पोरीला दिला." आणि पुढे पेला कुणाला द्यायचा याचा विचार करत दादाकडे बघितलं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा.

माझी सोयरीक धसईच्या घरात ठरली तेव्हाची गोष्ट. मुलाकडच्यांनी दारू घेऊन यायची, मुलीकडच्या चाखणाऱ्याने ती पसंत करायची, मग दोन्हीकडच्यांनी एकत्र प्यायची, की सोयरीक पक्की. नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती, तरी आमच्याकडे हे असंच चालू होतं. मुलीचा बाप म्हणून बाबांना स्वतः चाखता येईना. त्यांनी दादाला पुढे बसवलं. पहिल्यांदाच. दादाने नवा शर्ट घातला होता आणि त्याच्या मानेवर घाम होता.

मी आत, दाराच्या फटीशी. पेला भरला तेव्हाच मला वास आला. आंबूस होती. जाळ आला, पण पिवळट आणि आळशी. दादाने घोट घेतला, डोळे मिटले, आणि जरा मोठ्यानेच म्हणाला, "पयल्या धारेची!"

धसईकर खूश झाले. पेले फिरले. बाबांच्या हातात पेला आला, त्यांनी एक घोट घेतला आणि बाजूला थुंकला. सगळ्यांसमोर दादाला म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय! उठ."

दादा उठला. माणसं हसली, कुणीतरी विषय बदलला, सोयरीक पक्की झाली. संध्याकाळी तो मागच्या पडवीत एकटाच बसला होता. मी गेले तर म्हणाला, "मना कळली होती गो. आंबली होती. पन मी तसा बोललो असतो तं ती मानसं रागानं परत गेली असती. तुजी सोयरीक मोडली असती."

मी म्हटलं, "मंग बाबांना सांग ना."

"तू पन सांगू नको."

मी नाही सांगितलं. त्याने सांगू नको म्हटलं हे एक, आणि मला माझं लग्न हवं होतं हे दुसरं. खरं कारण हे दुसरं.

दादाने डिप्लोमा केला होता. मुरबाडच्या एका कारखान्यात स्टीलच्या मोठ्या टाक्या बनत, तिथे तो लागला. दोनेक वर्षांनी टाक्या बसवायला म्हणून कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं. सहा महिन्यांसाठी गेला आणि तिकडचाच झाला. ज्यांच्याकडे टाक्या बसवल्या ते बियर बनवणारे होते, एका लहान, थंड गावात. त्यांनी त्याला ठेवून घेतलं. आधी टाक्या सांभाळायला आणि मग, त्याचं नाक आणि जीभ बघून, बियर बनवायलाच. त्याने हे पत्रात लिहिलं तेव्हा मी बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "जीभ? त्याची?" आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेले.

तोवर आई गेली होती. मी धसईत, बाबा वर एकटे. दर पंधरा दिवसांनी मी एसटीने मुरबाड, मुरबाडहून शहापूर, तिथून शेणवा आणि पुढे चालत अशी जायची. कडेवर पोर आणि पिशवीत बाबांची औषधं. दादाचा फोन रविवारी सकाळी धसईच्या बूथवर यायचा. बाबांना दूध दे, बाबांना डॉक्टरला दाखव. मला राग यायचा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय, असं मनात म्हणत मी "हो, हो" करायची.

मग एका वर्षी, पावसाळा सरल्यावर, दोन बाटल्या आल्या. मुरबाडच्या कारखान्यात तिकडून येणाऱ्या एका साहेबाच्या बॅगेतून, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून. तपकिरी बाटल्या, बुचावर लाल मेण. बरोबर दादाचं पत्र. मी ते माहेरच्या चुलीपुढे बसून बाबांना वाचून दाखवलं.

"हिला इकडे बार्लीवाइन म्हणतात. नावात वाइन आहे पण द्राक्षं नाहीत, जवाची आहे. म्हणजे बियरच, पण दुप्पट-तिप्पट कडक. हा घाणा मी स्वतः लावला आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक बाटली आत्ता प्यावी. दुसरी अंधारात, गार जागी पाच वर्षं ठेवावी, ती मुरते. फार गार करू नये. लहान पेल्यात घ्यावी, पेला तळहातात धरून जरा ऊब द्यावी, वास घ्यावा, मग एक घोट घेऊन थांबावं. बाबांनी चाखून काय ते खरं सांगावं. मी वाट बघतो."

"बापाला दारू प्यायला शिकवतो," बाबा म्हणाले. पण बाटली त्यांनी हातात फिरवून फिरवून बघितली. मेण सुरीने खरवडलं, बूच उचकटलं. फस्स झालं आणि फेस आला. फेस बघून त्यांचा चेहरा पडला, फेसाची दारू त्यांच्या लेखी शाळेतल्या पोरांची. पेल्यात ओतली. रंग सागाच्या लाकडावर तेल फिरवल्यावर येतो तसा तांबूस-काळा.

धरणीला दिली. मग चुळकाभर चुलीत.

जाळ नाही. चुर्र झालं, राख उडाली, अर्धी चूल विझली.

बाबांनी दुसऱ्यांदा फेकली. तेच झालं. त्यांनी पेला खाली ठेवला. "पाणी," ते म्हणाले. तोंडालाही लावली नाही. उठले, पेला आणि बाटली घेऊन मागच्या दारी गेले आणि सगळी केळीच्या बुंध्यात ओतून आले.

मी चुलीशीच बसले होते. चुलीतून जो वास आला तो मी आजही सांगू शकते. आधी कढत्या काकवीचा, मग खारकेचा, त्याच्या मागून सागाचं लाकूड चिरताना येतो तसा, आणि शेवटी संत्र्याची साल विस्तवावर टाकल्यासारखा काहीतरी कडसर. ते पाणी नव्हतं. मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. चाखणाऱ्याच्या शब्दावर बोलायचं नाही हे अंगात मुरलेलं होतं, आणि मला संध्याकाळची एसटी पकडायची होती. दुसरी बाटली मी कणगीत, भाताच्या आत खोल खुपसून ठेवली.

रविवारी फोन आला. दादाने आमची कुणाची तब्येत विचारली नाही. "काय म्हनाले?"

"पाणी म्हनाले," मी सांगितलं.

मग म्हणाला, "नीट प्यायले ना? मी लिवला होता तसा, थांबून?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. चुलीत ओतली, चाखलीच नाही, एवढंच. पण बूथवाला घड्याळाकडे बघत होता, पोर रडत होतं, आणि माझ्या मनात आलं, आईच्या दहाव्याला ज्याला यायला जमलं नाही त्याला आता दारूची एवढी चौकशी. मी म्हटलं, "हो. प्यायले."

"बरा," तो म्हणाला. "सांभाळा."

त्यानंतर फोन महिन्याने येऊ लागला, मग सणावारी, मग दिवाळीला एकदा. तो बियरबद्दल पुन्हा कधी बोलला नाही आणि मी विचारलं नाही. बाबा मात्र कधी नव्हे ते विचारू लागले. मी गेले की पिशवी खाली ठेवायच्या आत, "त्याचा काय पत्र?" नाही म्हटलं की अंगणात जाऊन मोहाखाली बसायचे. एकदा तिथूनच म्हणाले, "त्या दिवशी मानसांत बोलायला नको होता मी." बस, तेवढंच. मी तेव्हाही सांगितलं नाही की दादाला कळलं होतं. सांगायचं राहिलं की मग रोज थोडं जास्त जड होतं. बापलेकांच्या मध्ये दोन गोष्टी अडल्या होत्या आणि दोन्ही माझ्याच तोंडात होत्या.

पाच वर्षं अशीच गेली. धसईत आमच्या घरी फोन बसला, नंतर माझ्या नवऱ्याकडे मोबाइल आला. बाबा वाकले. एका दिवाळीनंतर नवं भात भरायचं म्हणून मी माहेरची कणगी रिकामी करत होते, तर तळाशी हाताला ती लागली. मेण तसंच लाल. बाटली अंगाला गार होती, बाहेर ऊन असूनही.

मी ती बाबांच्या पुढे ठेवली. त्यांनी ओळखली. हात चुलीकडच्या पेल्याकडे गेला तसा मी तो धरला. बापाचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा अडवला.

"चुलीत नाय टाकायची. आदी प्यायची."

"का गो?"

"तवा मना वास आला होता. पानी नव्हता ता."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "मंग बोलली का नाय?"

"तुमी इचारला कवा?"

ते हसले नाहीत की चिडले नाहीत. पेला पुढे केला. या वेळी फेस जवळजवळ नव्हता, काकवीसारखी संथ उतरली. धरणीला दिली. मग दादाने लिहिलं होतं तसा पेला दोन्ही तळहातांत धरून ते बसून राहिले. पत्र एकदाच ऐकलं होतं त्यांनी, पाच वर्षांपूर्वी, तेही वैतागून. पण सगळं लक्षात होतं.

वास घेतला. पुन्हा घेतला. एक घोट घेऊन डोळे मिटले आणि इतका वेळ मिटून राहिले की मला भीती वाटली.

एका शब्दात निकाल देणारा माझा बाप त्या दिवशी बोलत राहिला. "काकवी हाय. काकवीच्या मागून खारीक. मंग बघ, मोहाचा फूल वाळला की येतो ना, तसा येतो. जवाचा हाय ना ता? मंग मोह कुठून आला?" दुसरा घोट घेतला. "उतरताना गरम. जाळत नाय, ऊब देतो. गोधडीवानी." तिसरा. "शेवटाला कडू जरा जास्त हाय. कारल्याच्या अंगानं जातो. पन तो कडू नसता ना, तं गोड तोंडाला चिकटला असता." मग पेल्याकडे बघत म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय. गाढव मीच."

मला रडू आलं. मी लपवलं नाही. तिथेच मी त्यांना सगळं सांगितलं, सोयरिकीच्या दिवशी दादाला कळलं होतं ते, आणि मी फोनवर 'प्यायले' म्हटलं तेही. बाबांनी पेला मांडीवर टेकवला. मग म्हणाले, "त्याला सांग."

"काय सांगू? पयल्या धारेची म्हनू?"

"नको. बाप माया करतो असा वाटंल त्याला. मी बोललो तसा सांग. कडू जास्त हाय ता पन सांग."

बोलता बोलता बरीच पिऊन झाली होती, पेल्यात उरली तेवढी त्यांनी परत बाटलीत ओतली. निम्मी बाटली झाली. तोंडाला फडक्याचा बोळा घट्ट बसवला आणि बाटली माझ्या हातात दिली. "ही अर्धी त्याची."

मला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. मी ती पुन्हा कणगीत ठेवली.

त्या रात्री परत न जाता मी तिथेच राहिले आणि सकाळी शेणव्याला उतरून दादाचा नंबर लावला. लागेना. इंग्रजीत कुणी बाई काहीतरी सांगत होती. धसईला येऊन पुन्हा लावला, दहा वेळा लावला. मग पत्र लिहिलं, बाबांचे शब्द जसेच्या तसे, मोहाचं फूल, गोधडी, कारलं, सगळं. खाली माझं खोटंही लिहिलं. पत्राचं उत्तर आलं नाही. बाबा मी गेले की आता वेगळं विचारायचे, "पोचला का?" मी म्हणायची, पोचेल. तिकडे बर्फ असतो, उशीर होतो.

चैत्रात बाबा गेले. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, पहाटे, वेचायला म्हणून टोपली घेऊन बाहेर निघाले होते, उंबऱ्यातच बसले आणि गेले. मुरबाडच्या कारखान्यातल्या एकाने कुठून कुठून शोधून दादाला कळवलं. तो आला तेव्हा नवव्या दिवसाची दुपार होती. कानाजवळचे केस पांढरे, हातात लहानशी बॅग. लहानपणी मारायचा तशीच मला हाक मारली, "बाय," आणि बॅग उंबऱ्यात ठेवली.

माझं पत्र त्याला मिळालं नव्हतं. त्याने घर दोनदा बदललं होतं. म्हणून मी ते मागच्या पडवीत बसून तोंडी सांगितलं. माझ्या 'हो' पासून सुरुवात केली, कारण ते आधी बोलले नसते तर पुढे बोलताच आलं नसतं. चुलीत टाकली होती, दादा. जाळ आला नाही म्हणून. तोंडाला लावलीच नव्हती.

तो ऐकत होता. "ती जळनारच नाय," तो हळूच म्हणाला. "कडक आसली तरी बियरच ती, जाळ धरंल एवढी नाय. ता मना लिवायला पायजे होता. जाळू नका म्हनून. कसा प्यायचा ता सगळा लिवला, आनि आपला बाप काय करील ताच इसरलो."

"तू अजून बनवतोस ना?" मी विचारलं.

"नाय. त्याच वरसी सोडला. दुधाच्या टाक्या बसवतो आता."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या एका 'हो'ने त्याच्या हातातून काय गेलं ते मला तेव्हा कळलं. मी क्षमा मागितली. तो म्हणाला, "तुजी चूक नाय गो." पण माझी होती, आणि आहे.

मी कणगीतून बाटली आणली. बाबा काय काय बोलले ते सांगितलं, एकही शब्द न गाळता. कारल्यापाशी त्याला हसू आलं. "बराबर. फूल जास्त पडला होता त्या घान्यात. ता त्यांना कळला?" बियरला कडूपणा यायला तिकडे एक फूल घालतात, ते. मग मी म्हटलं, "अर्धी तुजी हाय." त्याने बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बाटली दोन्ही हातांनी घेतली.

बोळा काढला. मी दोन हात लांब होते तरी वास माझ्यापर्यंत आला. पाच महिने फडक्याच्या बोळ्याखाली ती कशी टिकणार? आंबली होती. पार आंबली होती, शिरका झाला होता. तिकडे इतकी वर्षं नाकाने काम केलेल्या माणसाला ते कळलं नसेल असं होणार नाही.

दादाने थोडी धरणीला दिली. बाबांच्या पेल्यात ओतली, पेला तळहातांत धरला, वास घेतला. घोट घेतला आणि डोळे मिटले. त्याच्या गळ्याची शीर ताठ झालेली मला दिसली. त्याने गिळली. मग दुसरा घोट, मग तिसरा, पेला रिकामा होईपर्यंत. बाटली उपडी करून शेवटचा थेंबही घेतला.

"पयल्या धारेची," तो म्हणाला, जरा मोठ्यानेच.

तो रिकामा पेला धरून उंबऱ्याकडे बघत बसला. त्याला कुणीतरी सगळ्यांसमोर 'उठ' म्हणावं असं मला फार वाटलं. म्हणणारं कुणी नव्हतं.